गिंझाच्या गल्ल्यावर

जपानला जाण्याचा योग माझ्यासारख्या कारकुनाच्या वाट्याला येईल असे कधी वाटले नव्हते. परंतु भाचा टोकियोत संगणकाच्या कंपनीत नोकरीला लागला आणि २०१९ च्या एप्रिलमध्ये त्याने आपल्या आईला व मला पंधरा दिवसांसाठी बोलावून घेतले. माझी ताई इस्पितळात सफाई कामगार म्हणून तीस वर्षे राबून निवृत्त झालेली. तिने पासपोर्टवर सही केली तेव्हा हात थरथरत होता, हे मी पाहिले आहे.

एका रविवारी भाचा आम्हाला गिंझाला घेऊन गेला. टोकियोतील सर्वांत महागडी बाजारपेठ ती हीच. 'गिन' म्हणजे चांदी. १६१२ साली येथे चांदीची नाणी पाडण्याची टांकसाळ आली, तिचे नाव वस्तीला चिकटले. १८७२ च्या आगीत वस्ती जळाली, तेव्हा सरकारने वॉटर्स नावाच्या परदेशी अभियंत्याकडून विटांच्या इमारती बांधवून घेतल्या आणि विलायती माल मिळण्याचे ठिकाण म्हणून गिंझाचे नाव झाले. त्या इमारती १९२३ च्या भूकंपात गेल्या. मुख्य चौकात आज उभा आहे तो १९३२ सालचा घड्याळाचा मनोरा. सेइको घड्याळे काढणाऱ्या हत्तोरी घराण्याची ही वास्तू युद्धातील बाँबवर्षावातूनही वाचली. घड्याळाचे टोले ऐकून मला वडिलांचे एचएमटी आठवले. ते घड्याळही मुळात जपानी कंपनीच्याच सहकार्याने बनू लागले होते, फक्त ती कंपनी सिटिझन. असो.

चौकातच मित्सुकोशी हे प्रचंड दुकान आहे. उघडण्याच्या वेळेला आम्ही दारात होतो. दार उघडले आणि आत ओळीने उभे असलेले कर्मचारी येणाऱ्या प्रत्येकाला कमरेतून वाकून नमस्कार करू लागले. आत चकचकीत फरशी. ताई उंबऱ्याशी थबकली आणि चपला काढू लागली. "आई, चपला राहू दे, देऊळ नाही हे," भाचा म्हणाला. ती म्हणाली, "आरं पर, फरशी किती सोच्छ हाय. कुनीतरी पुसली आसंल की." वाचकहो, तीस वर्षे फरशी पुसलेल्या बाईलाच हे सुचते.

तळघरात खाद्यपदार्थांचा बाजार. लाकडी पेटीत निजवलेले एकेक खरबूज दहा हजार येनांच्या पुढे, म्हणजे त्या वेळच्या आपल्या सहा हजार रुपयांहून जास्त! ताईने ते पाहिले आणि काही न बोलता पुढे चालू लागली.

आम्हाला परवडले ते किमुराया बेकरीचे बन. हे दुकान १८६९ सालचे. मूळ मालक सामुराई. ते दिवस गेले तेव्हा त्याने बेकरी घातली, आणि जपान्यांना पाव रुचेना म्हणून १८७४ साली तांदळाच्या दारूचे आंबवण वापरून पाव केला व त्यात अझुकी नावाच्या लाल कडधान्याचे गोड सारण भरले. त्याला म्हणतात आनपान. पुढच्याच वर्षी तो बादशहा मेइजींच्या ताटात गेला. ताईने चव घेऊन निकाल दिला, "पुरनच हाय की ह्ये."

परंतु त्याआधी गल्ल्यावर जे घडले ते सांगितले पाहिजे. पैसे मीच देतो असा ताईचा हट्ट. तिने नाणी मुठीत मोजून विक्रेत्या मुलीपुढे हात केला. मुलीने हात पुढे केला नाही. हसून तिने एक लहानशी थाळी ताईपुढे सरकवली. ताईचा चेहरा एकदम उतरला. ती हळूच म्हणाली, "हितं बी तसंच हाय का रं?"

मला कळले. आमच्या लहानपणी गावचा दुकानदार आमच्या हातून पैसे घेत नसे. पायरीवर ठेवायला लावी, पाणी शिंपडून उचली आणि मीठ-मिरची वरून पदरात टाकी. ताई तेव्हा नऊ-दहा वर्षांची. त्या दुकानात तीच जायची, मी मागे उभा राहायचो.

भाच्याला यातले काही ठाऊक नव्हते. आम्हीच त्याला कधी सांगितले नव्हते. तो समजावू लागला, "आई, इथे सगळेच थाळीत पैसे ठेवतात. साहेबसुद्धा. मोजणी दोघांसमोर होते, चूक होत नाही." ताईला ते पटले नाही. ती बाजूला सरली आणि गल्ल्याकडे पाहत उभी राहिली. मागून एक सुटाबुटातले वृद्ध गृहस्थ आले. त्यांनी थाळीत नोट ठेवली. त्यांच्यामागच्या उंची पोशाखातल्या बाईनेही ठेवली. मुलीने सुटे पैसे मोजून दाखवले आणि पिशवी दोन्ही हातांनी, मान लववून दिली. पाच-सहा गिऱ्हाइके होईपर्यंत ताई हलली नाही. मग थाळीत पैसे ठेवले आणि आमचे बन घेतले.

दुपारी बारा वाजता मुख्य रस्ता मोटारींना बंद झाला. शनिवार-रविवारी व सुटीच्या दिवशी तेथे लोकांनी चालावे, अशी पद्धत १९७० च्या ऑगस्टपासून आहे. ज्या रस्त्याकाठची जमीन देशात सर्वांत महाग, त्याच्या मधोमध फुकट बसता येते. आम्ही तेथेच बसून बन खाल्ले.

पंधरा मिनिटे चालल्यावर त्सुकिजी होंगवान्जी हे बौद्ध मंदिर लागते. जुने मंदिर भूकंपानंतरच्या आगीत गेले. इतो चुता या वास्तुशिल्पज्ञाने १९०२ ते १९०५ दरम्यान चीन, भारत, तुर्कस्तान असा प्रवास केला होता. प्राचीन भारतीय बौद्ध शिल्पाच्या धर्तीवर त्याने नवे मंदिर बांधले, ते १९३४ साली पूर्ण झाले. दर्शनी कमान पाहताच मला कार्ल्याचे लेणे आठवले. ताई पुन्हा चपला काढू लागली, तर येथेही आत खुर्च्या मांडलेल्या आणि सगळे पायताणासह बसलेले. "आता ह्ये देऊळ हाय ना?" असे तिने मुलाला विचारले आणि पहिल्यांदाच मोकळी हसली.

परतताना माझ्या हट्टासाठी इतोया या १९०४ सालच्या कागद-लेखण्यांच्या दुकानात गेलो. दारावर भली मोठी लाल पेपरक्लिप, वर बारा मजले, आणि अकराव्या मजल्यावर चक्क भाजीचा मळा! कारकुनाला याहून काय हवे? तासभर मी कागदावर बोट फिरवत होतो. शेवटी दोन पेन्सिली आणि नातीसाठी एक वही निवडली. पाकीट काढले तेव्हा ताईने माझा हात मागे सारला. थाळी तिनेच पुढे ओढली, त्यात एकेक नाणे मोजून मांडले आणि दोन्ही हात पुढे करून वही घेतली.