सहवासाचा पुरावा

अमेरिकेच्या स्थलांतर कायद्यात ‘पत्नी’ एकाच प्रकारची नसते. नवरा नागरिक असेल, तर तिच्या व्हिसाला वार्षिक संख्यामर्यादा नाही. तो केवळ ग्रीन कार्डधारक असेल, तर ती ‘एफ-२ए’ वर्गात जाते. तिथे जगभरातील पती, पत्नी आणि २१ वर्षांखालील मुले मिळून वर्षाला सुमारे ८८ हजार जागा. मी या दुसऱ्या रांगेत आहे. नवऱ्याने आय-१३० अर्ज दाखल केला ती तारीख म्हणजे माझा क्रमांक. तो कधी लागेल, हे दरमहा निघणाऱ्या ‘व्हिसा बुलेटिन’वरून कळते. त्यातली तारीख पुढे सरकते, थबकते, कधी मागेही जाते.

लग्न खरे असल्याचे सिद्ध करायला विवाह नोंदणीचा दाखला पुरत नाही. संयुक्त खाती, एकत्र प्रवासाची तिकिटे, छायाचित्रे, पत्रव्यवहार जोडावा लागतो. पण कलम २१४(ब) पर्यटक व्हिसा मागणाऱ्याला कायम राहायला येणारा समजते, आणि माझा प्रलंबित अर्ज त्या समजाला बळच देतो. नवरा वर्षाहून अधिक काळ इथे राहिला, तर त्याचेच ग्रीन कार्ड धोक्यात येते. जो कायदा सहवासाचा पुरावा मागतो, तोच सहवास अवघड करतो. आमच्या फायलीत म्हणून लग्नपत्रिका आणि व्हिडिओ कॉलच्या नोंदीच जास्त.

१९८६च्या दुरुस्तीनुसार, लग्नाला दोन वर्षे होण्याआधी प्रवेश मिळाला तर ग्रीन कार्ड दोन वर्षांचे आणि सशर्त असते; नंतर पुन्हा पुरावे द्यावे लागतात. रांग त्याहून लांबली की ही अट लागू होत नाही. ताटातुटीचा कायद्याने मानलेला एवढाच फायदा.