परसातील कोंबड्या आणि उंदीर-घुशींचा बंदोबस्त

नाशिक जिल्ह्यातील पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या डोंगराळ तालुक्यांत, तसेच निफाड-येवल्याकडील मळ्यांत घरटी पाच-दहा कोंबड्या पाळण्याची पद्धत जुनी आहे. गावठी कोंबड्यांच्या जोडीने गिरिराज, वनराज यांसारखे सुधारित पक्षीही आता परसात दिसतात. अंडी व कोंबडे विकून येणारा पैसा बहुधा घरच्या बाईच्या हाती राहतो आणि मीठ-मिरचीला, मुलांच्या वह्या-पुस्तकांना उपयोगी पडतो. या छोट्याशा उत्पन्नाला सर्वांत मोठी गळती लागते ती उंदीर व घुशींमुळे. त्याहूनही मोठे नुकसान होते ते वैतागून खुराड्याजवळ विषारी आमिष टाकल्यामुळे. सकाळी उंदरांऐवजी कोंबड्याच मरून पडलेल्या आढळतात. म्हणून हा बंदोबस्त कसा व कोणत्या क्रमाने करावा, हे समजून घेणे आवश्यक आहे.

नुकसान कसे होते?

उंदराची मादी सुमारे तीन आठवड्यांत विते व एका वेळी साधारणपणे सहा ते आठ पिले देते. ही पिले दोन-तीन महिन्यांत स्वतः प्रजननक्षम होतात. एक मोठा उंदीर दररोज सुमारे 20 ग्रॅम खाद्य खातो असे धरले, तरी वीस उंदीर महिन्याला 12 किलो धान्य फस्त करतात. शिवाय मलमूत्र व केस मिसळल्याने त्याहून अधिक खाद्य वाया जाते ते वेगळेच.

उंदीर अंडी फोडतात व पळवितात, लहान पिले बिळात ओढून नेतात आणि अंड्यांवर बसलेल्या खुडूक कोंबडीला चावून उठवितात. त्यांच्या विष्ठेतून साल्मोनेलासारखे जंतू खाद्यात व पाण्यात जातात. पिसवा व गोचिडांचा प्रसारही त्यांच्यामार्फत होतो. उंदरांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस हा रोग माणसांना होतो. 26 जुलै 2005 च्या महापुरानंतर मुंबईत त्याची मोठी साथ आली होती.

नुकसान कोणी केले हे आधी ओळखावे. पिले एकेक करून नाहीशी होत असतील, खुराड्याच्या कडेला ताजी उकरलेली माती आणि लेंड्या दिसत असतील, तर ते काम उंदराचे किंवा घुशीचे समजावे. एका रात्रीत मोठ्या कोंबड्यांच्या माना चावलेल्या आढळल्या, तर मुंगूस किंवा रानमांजराचा संशय घ्यावा. साप अंडे अख्खे गिळतो. मागे टरफल राहत नाही.

उंदीर खुराड्याकडे का येतात?

उंदराला अन्न, पाणी व आसरा या तीन गोष्टी लागतात आणि खुराड्यापाशी त्या तिन्ही मिळतात. इगतपुरी-त्र्यंबकेश्वर भागात जोरदार पावसाने शेतातील बिळांत पाणी शिरले की उंदीर उंचवट्याकडे, म्हणजे घराकडे सरकतात. पुढे भात व मका काढणीला आला की शेतातील अन्न संपते आणि दुसऱ्यांदा त्यांची धाड घरावर येते. म्हणून पावसाळ्यापूर्वी एकदा आणि काढणीनंतर लगेच एकदा, असा वर्षातून दोन वेळा बंदोबस्त करावा.

पहिली पायरी : अन्न तोडणे

1. परसातील कोंबड्या दिवसभर चरून येतात. त्यांना जोडखाद्य म्हणून पक्ष्यामागे 30 ते 50 ग्रॅम कणी, भरडा किंवा मका पुरतो. तो सकाळी व संध्याकाळी अर्ध्या तासात संपेल इतकाच द्यावा.

2. रात्री खुराड्यात खाद्याचे भांडे ठेवू नये. सांडलेले दाणे झाडून घ्यावेत.

3. खाद्याची गोणी जमिनीवर न ठेवता घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात किंवा पिंपात ठेवावी.

4. अंडी दिवसातून दोनदा गोळा करावीत. खुडूक कोंबडी व लहान पिले रात्री अधिक बंदिस्त जागी ठेवावीत. बांबूचे डालगे नुसते जमिनीवर पालथे घातल्यास उंदीर खालून उकरून आत शिरतो. म्हणून डालगे फरशीवर ठेवून वर दगड ठेवावा.

5. कडब्याची गंज, सरपणाचा ढीग व उकिरडा खुराड्यापासून दूर ठेवावा. खुराड्याभोवती चार-पाच फूट पट्टा स्वच्छ राखावा. उंदीर उघड्या जागेतून जाण्यास कचरतो.

दुसरी पायरी : वाट बंद करणे

कोंबड्यांसाठी वापरली जाणारी षटकोनी जाळी कोंबडीला आत ठेवते, परंतु उंदराला बाहेर ठेवत नाही. लहान उंदीर त्यातून निघतो आणि मोठा उंदीर ती बारीक तार कुरतडतो. त्याऐवजी अर्धा इंची चौकोनी वेल्डमेश जाळी लावावी. पाव इंची मिळाल्यास लहान उंदीरही अडतात. ही जाळी भिंतीलगत जमिनीत एक फूट खोल पुरावी व तळाशी बाहेरच्या बाजूस अर्धा फूट वळवावी. घूस भिंतीला लागून उकरत खाली जाते आणि वळविलेल्या जाळीवर अडते.

नवीन खुराडे बांधताना ते चार खांबांवर जमिनीपासून तीन फूट उंच घ्यावे. प्रत्येक खांबाला वरच्या बाजूस पत्र्याची उलटी नसराळ्यासारखी झालर बसवावी. खुराडे भिंतीपासून व फांद्यांपासून दूर असावे. कोंबड्या चढण्याची शिडी रात्री काढून ठेवावी. एवढे न केल्यास खांबांचा उपयोग होत नाही. जुन्या खुराड्याची जमीन दगड व सिमेंटचा कोबा करून पक्की करावी.

तिसरी पायरी : जिवंत बिळे ओळखणे

संध्याकाळी परसातील सर्व बिळे ओल्या मातीने बुजवावीत. दुसऱ्या दिवशी जी उघडलेली दिसतील ती जिवंत बिळे समजावीत. त्यांची संख्या वहीत लिहून ठेवावी. उपाय केल्यानंतर पंधरा दिवसांनी पुन्हा असेच मोजावे. संख्या घटली नसेल तर कोठेतरी खाद्य किंवा आसरा शिल्लक आहे, असे समजून पहिल्या पायरीकडे परत यावे.

चौथी पायरी : सापळे

कोंबड्यांच्या परिसरात विषापेक्षा सापळा केव्हाही बरा. तारेचा पिंजरा किंवा चाप भिंतीच्या कडेला, उंदरांच्या नेहमीच्या वाटेवर ठेवावा. आमिष म्हणून तेल लावलेला भाकरीचा तुकडा, भजे, खोबरे किंवा सुकट चालते. उंदीर नवीन वस्तूला बिचकतो. म्हणून पहिले दोन-तीन दिवस सापळा न लावता नुसते आमिष ठेवावे व नंतर लावावा. सुरुवातीलाच चार-पाच सापळे एकाच रात्री लावावेत.

चाप कोंबड्या खुराड्यात कोंडल्यानंतरच लावावा आणि सकाळी त्या सोडण्यापूर्वी उचलावा. तो दोन्ही टोकांना भोके असलेल्या लाकडी खोक्यात ठेवल्यास मांजर, कुत्रा व लहान मुलांनाही इजा होत नाही. चिकट कागद मात्र वापरू नये. त्यावर कोंबडीची पिलेच चिकटतात.

विष वापरावेच लागले तर

झिंक फॉस्फाईड धान्यात मिसळून वापरतात. ते पोटात गेल्यावर फॉस्फीन हा विषारी वायू तयार होतो व त्यावर उतारा नाही. कोंबडीच्या दृष्टीने ते आमिष म्हणजे दाणाच होय. उंदीर ते ओढून इकडेतिकडे सांडतात आणि दुसऱ्या दिवशी चरणाऱ्या कोंबड्या टिपतात. म्हणून ज्या परसात कोंबड्या मोकळ्या चरतात तेथे झिंक फॉस्फाईड वापरू नये. बिळात वायू सोडणाऱ्या अॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या घराजवळ वा खुराड्याजवळ घालू नयेत. काही ठिकाणी पिकावरचे दाणेदार कीटकनाशक भाकरीत घालण्याची रीत होती. त्यांपैकी फोरेटवर 31 डिसेंबर 2020 पासून देशात बंदी आहे. जुना साठा घरात असल्यास तो अजिबात वापरू नये.

सापळ्यांनी भागत नसेल तर ब्रोमॅडिओलोन 0.005 टक्के तयार वडी वापरावी. ही वडीही कोंबडीला घातकच आहे. फरक एवढाच की ती तारेने बांधता येते, त्यामुळे दाण्यासारखी सांडत नाही. वडी कुलूपबंद आमिषपेटीत किंवा दोन-अडीच फूट लांबीच्या जुन्या पी.व्ही.सी. पाइपच्या मधोमध तारेने पक्की बांधावी. हा पाइप कोंबड्या व पिले जेथे जात नाहीत अशा कुंपणाबाहेरील जागी ठेवावा व विटांनी दाबावा. उंदीर लगेच न मरता चार ते दहा दिवसांत मरतात. त्या काळात दररोज सकाळी, कोंबड्या सोडण्यापूर्वी फेरी मारून मेलेले उंदीर उचलावेत. असे उंदीर खाल्ल्याने कोंबडी, मांजर, कुत्रा व घुबड यांनाही विषबाधा होते. विष खाल्लेल्या कोंबडीची अंडी व मांस खाऊ नये आणि विकूही नये. जेथे शेतातील उंदीर खाण्याची पद्धत आहे तेथे विष ठेवल्याची पूर्वसूचना शेजारच्या वस्तीला अवश्य द्यावी.

चुकून माणसाच्या पोटात विष गेल्यास वेष्टन सोबत घेऊन तत्काळ रुग्णालय गाठावे. ब्रोमॅडिओलोनवर जीवनसत्त्व के-1 हा उतारा डॉक्टर देतात.

मेलेल्या उंदरांची विल्हेवाट

मेलेला उंदीर उघड्या हाताने उचलू नये. हाताला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून तो उचलावा, दोन फूट खोल खड्ड्यात पुरावा व हात साबणाने धुवावेत. मात्र विष न घालताही गावात एकाएकी अनेक उंदीर मरून पडू लागले, तर त्यांना हात न लावता प्राथमिक आरोग्य केंद्रास कळवावे. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर पुढील वर्षी, म्हणजे 1994 मध्ये, बीड जिल्ह्यातील मामला गावात गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले होते. उंदीर मेला की त्याच्या अंगावरील पिसवा दुसरा आसरा शोधतात आणि त्यांच्या चाव्यातून प्लेग माणसाला होतो.

सारांश

धामण व गव्हाणी घुबड हे उंदरांचे नैसर्गिक शत्रू आहेत. त्यांना मारू नये. धामण पिले व अंडी खाते खरी, परंतु वर सांगितलेली जाळी तिलाही अडविते. एका घराने बंदोबस्त करून शेजारचे घर मोकळे राहिल्यास उंदीर पुन्हा येतात. म्हणून वाडी-वस्तीने एकाच आठवड्यात ही मोहीम घ्यावी. आधी खाद्य झाकावे, मग वाटा बुजवाव्यात, मग सापळे लावावेत आणि विष अगदी शेवटी, तेही पेटीत. हा क्रम पाळल्यास उंदीर कमी होतील आणि कोंबड्याही सुरक्षित राहतील.