आधी कोंबडी, मग चमेली

गंगापूर रोडवरच्या एका लॉन्सवर हळदीच्या रात्री डीजेने ‘कोंबडी पळाली’ लावलं आणि माझी बारा वर्षांची भाची धापा टाकत आली. ‘‘मामा, ‘चिकनी चमेली’चं मराठी पण निघालं?’’ तिला बाजूच्या खुर्चीवर बसवलं आणि म्हटलं, उलटं आहे बाळा. आधी कोंबडी पळाली, चमेली त्यानंतर सहा वर्षांनी फुलली. तिचा काही केल्या विश्वास बसेना. मग जेवणाची पंगत उठेपर्यंत आमचा गाण्यांचा तास चालला. त्यातलंच हे, थोडी भर घालून.

कोंबडी कुणाची?

‘जत्रा’ हा केदार शिंदे यांचा २००६ चा सिनेमा. गावांची नावं ह्यालागाड आणि त्यालागाड, पडद्यावर भरत जाधव आणि क्रांती रेडकर, संगीत अजय-अतुल यांचं. गाणारे दोघं आपापल्या मैदानातले राजे: ‘नवीन पोपट’वाले आनंद शिंदे आणि ‘ऐका दाजिबा’वाली वैशाली सामंत. आणि शब्द? भाचीला इथे दहा संधी दिल्या, नाव आलं नाही. मोठ्यांपैकीही कुणाला आलं नाही. ते शब्द जितेंद्र जोशीचे. तोच, ‘दुनियादारी’तला साई.

नाशिककरांनी तर हे नाव विसरूच नये. गोदाकाठी, आपल्याच घाटांवर घडणाऱ्या निखिल महाजन यांच्या ‘गोदावरी’तला निशिकांत म्हणजे हाच माणूस. त्या भूमिकेसाठी २०२१ च्या गोव्यातल्या इफ्फी चित्रपट महोत्सवात त्याला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा रौप्यमयूर मिळाला. नदीकडे पाठ फिरवून बसलेला तो घुमा माणूस आणि ‘कोंबडी पळाली’चा धमाल गीतकार एकच आहे, हे कळल्यावर भाचीची आई ताटावरून उठून आमच्याजवळ आली.

चमेली कुठे फुलली?

२६ जानेवारी २०१२ ला ‘अग्निपथ’ आला. चाल तीच, संगीतकारही तेच अजय-अतुल. हिंदी शब्द अमिताभ भट्टाचार्य यांचे, आवाज श्रेया घोषालचा, नाच गणेश आचार्य यांनी बसवलेला आणि नाचणारी कतरिना कैफ. मराठीत हे जोडगाणं होतं, हिंदीत ते एका बाईचं झालं. मला मात्र खरी गंमत जागेची वाटते. ‘अग्निपथ’ची कथा मांडव्याची. म्हणजे आपली चाल हिंदीत गेली तीही कोकणच्या किनाऱ्यावरच्या गावात वाजायला! ही चोरी नव्हे. घरचंच भांडं मोठ्या चुलीवर चढवलं, आणि देशभराची पंगत उठली.

श्रेयाने ‘जोगवा’तलं ‘जीव रंगला’ गाऊन राष्ट्रीय पुरस्कार मिळवला, तेही अजय-अतुलच्याच चालीवर. ‘चिकनी चमेली’बद्दल मात्र तिने अलीकडे एका मुलाखतीत मोकळेपणाने सांगितलं, की लहान लहान मुली अर्थ न कळता ते गाताना दिसल्या की तिला अवघडल्यासारखं होतं. इतक्या यशस्वी गाण्याबद्दल असं बोलायला धीर लागतो. हळदीत नाचणाऱ्या आमच्या चिमुरड्या पाहताना मलाही ते पटलं.

झिंगाटचा उलटा फासा

हाच खेळ पुन्हा झाला आणि तेव्हा मराठी जिंकली. ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ चा, त्याचा हिंदी अवतार ‘धडक’ २०१८ चा. संगीतकार तेच, हिंदी शब्द पुन्हा अमिताभ भट्टाचार्य यांचेच, चाल जशीच्या तशी. पण आजही वरातीत लोक ओरडून मागतात ते मराठी ‘झिंगाट’. असं का? २००६ मध्ये गाणं फिरायचं सीडीवर, टीव्हीवर आणि बँडवाल्याच्या पिपाणीवर. दहा वर्षांनी ते खिशातल्या फोनवर आलं, आणि हिंदी उल्था होण्याआधीच मूळ गाणं देशभर पोचलं. भाषा न कळणारेही त्यावर नाचून झाले होते. त्यांना पुन्हा तेच गाणं हिंदीत कशाला हवं?

रॉकवाल्यांच्या घरीही हेच

सुलाफेस्टला द्राक्षमळ्यात उभं राहून गिटार ऐकणाऱ्या नाशिककरांनी ‘आय लव्ह रॉक अँड रोल’ ऐकलंच असेल. सगळे ते अमेरिकी गायिका जोन जेटचं समजतात. मूळ गाणं लंडनच्या ‘ॲरोज’ या बँडचं, १९७५ चं, आणि तेही सुरुवातीला तबकडीच्या मागच्या बाजूला टाकलेलं. दौऱ्यावर असलेल्या जोनने ते इंग्लंडमध्ये टीव्हीवर पाहिलं, मनात ठेवलं, आणि १९८२ मध्ये तिचं गाणं अमेरिकेत सात आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. मूळ गायक आणि सहलेखक ॲलन मेरिल २०२० मध्ये करोनाने गेला.

बॉब डिलनचा किस्सा याहून सुंदर. त्याचं ‘ऑल अलाँग द वॉचटॉवर’ १९६७ च्या अखेरीस आलं, पुढच्या वर्षी जिमी हेंड्रिक्सने ते पेटवलं. नंतर खुद्द डिलन ते हेंड्रिक्सच्या थाटात वाजवू लागला. आपल्याच लेकराने दुसऱ्याच्या घरी शिकून यावं आणि बापाने त्याच्याकडून शिकावं, असं ते झालं.

नावाडी नको म्हणतो, हिंदीही नको म्हणते

आता परत आपल्याकडे. ‘बॉबी’ सिनेमातलं ‘ना मांगूँ सोना चांदी’ (१९७३) ज्यावर बेतलं, ते ‘हांव सायबा पलतडी वेता’ हे ‘देखणी’ या नाचगाण्याच्या प्रकारातलं कोकणी गीत कार्लोस युजेनिओ फेरेरा यांचं. ते १८९५ मध्ये पॅरिसला छापलं गेलं. त्यात नर्तकी दामूच्या लग्नाला पैलतीरी निघालेली. नावाड्याला ती अंगावरचे दागिने देऊ करते आणि तो नाही म्हणतो. हिंदीत प्रसंग बदलला, माणसं बदलली, पण सोनं नको म्हणणं तसंच राहिलं. संगीतकार जोडीतले लक्ष्मीकांत म्हणजे आपले कुडाळकर.

आणि नाशिकचं स्वतःचं?

आहे ना, दोन-दोन आहेत. एक आपला ढोल. केरळात लग्नात, चर्चच्या उत्सवात, निवडणुकीच्या मिरवणुकीत ‘नासिक ढोल’ वाजतो आणि तो वाजवणारी पोरं तिथलीच, मल्याळी. गोदेचं पाणी न पाहिलेले हात आपला ठेका धरतात.

दुसरं, ‘रघुपती राघव राजाराम’. आज जी चाल सगळ्यांच्या ओठी आहे ती पं. विष्णु दिगंबर पलुस्करांची मानतात. त्यांनी नाशिकला रामनाम आधार आश्रम काढला, अखेरची वर्षं इथेच रामनामात घालवली. चिरंजीव द. वि. पलुस्करही नाशिकचेच. विष्णु दिगंबरांचे शिष्य नारायण मोरेश्वर खरे १९३० च्या दांडीयात्रेत गांधीजींसोबत चालले आणि ही धून रस्त्याने घुमली. गांधीजींच्या प्रार्थनेत तिला ईश्वर आणि अल्ला एकत्र सांगणारी ओळ जोडली गेली, आणि हेच रूप जगभर गेलं, थेट अमेरिकी लोकगायक पीट सीगरपर्यंत. इथे दुसरं रूप मोठं झालं याचा मला आनंदच आहे. दुःख एवढंच, की शहरात कुणाला विचारलं तर पलुस्करांचं नाव पटकन येत नाही.

तसंच सिन्नरच्या देशवंडीचे वामनदादा कर्डक. त्यांनी हजारो गाणी लिहिली, ती कितीतरी गळ्यांतून गावोगाव पोचली. गाणाऱ्याचं नाव लोक सांगतात, लिहिणाऱ्याचं राहून जातं. वामनदादांचं निधन २००४ मध्ये नाशिकलाच झालं.

भाचीने त्या रात्री शेवटी एकच विचारलं, ‘‘मग डीजेला सांगू का, कोंबडी परत लाव म्हणून?’’ सांगितलं. लागली. तुमच्याही पुढच्या हळदीत आधी कोंबडी लावा, मग खुशाल चमेली. आणि शेजारी नाचणाऱ्या पोराला ओरडून सांगा, की हे शब्द जितेंद्र जोशीचे आहेत.