दुर्गदबैलच्या गल्लीत गाडी उठली, पण बोटीला तोच डबा चालेल का?



गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. आपल्या सोसायटीची पिकअप मासळी भरून रात्री आंबोली घाट चढली आणि बेळगावमार्गे हुबळीला पोचली. पहाटे माल उतरला, हिशेब झाला, क्रेट धुऊन झाले. परतीला घरच्या बायकांची यादी होतीच, ब्याडगी मिरची आणि कांदे. म्हणून गाडी दुर्गदबैलला घेतली. ज्यांनी दुर्गदबैल बघितलंय त्यांना वेगळं सांगायला नको. जुन्या हुबळीतला बाजार, दोन्ही बाजूंना दुकानं, मध्ये हातगाड्या, आणि त्यातनं वाट काढणाऱ्या रिक्षा. दुकानं उघडायला वेळ होता, तेव्हा एका कडेला गाडी लावून आम्ही दोघे केबिनमध्येच आडवे झालो. पार्किंग लाइट चालू, छोटा पंखा चालू, मोबाईल चार्जिंगला. रात्रभराचं जागरण होतं, झोप कधी लागली कळलंच नाही.

मिरची घेऊन आलो, चावी फिरवली, तर नुसतं टक-टक-टक. डॅशबोर्डचे दिवे मंद झाले आणि गाडी काही उठेना.

धक्का मारायला माणसं आली, पण त्या गर्दीत गाडी ढकलणार कुठे? आणि जागा असती तरी खात्री नव्हती. २०२० च्या एप्रिलपासून येणाऱ्या बीएस-६ डिझेल गाड्यांत इंजिनाला डिझेल किती आणि कधी द्यायचं हे कॉम्प्युटर ठरवतो. बॅटरी पार झोपली असेल तर तो कॉम्प्युटरच जागा होत नाही. जुन्या डिझेल गाड्या उतारावर सोडल्या की सुरू व्हायच्या, तो काळ गेला. इकडे संध्याकाळपर्यंत गाडी बंदरावर हवी होती, दुसऱ्या दिवशीचा माल भरायला. गाडी उशिरा म्हणजे बर्फ जास्त, आणि भाव कमी.

समोरच्या दुकानातले अण्णा आमची गंमत बघत होते. शेवटी हसत बाहेर आले, हातात जाड पुस्तकाएवढा एक डबा, त्याला लाल-काळे चिमटे. आम्हाला वाटलं, एवढ्याशा डब्याने डिझेल गाडी? अण्णांनी लाल चिमटा बॅटरीच्या प्लसला लावला. काळा मात्र बॅटरीच्या मायनसला न लावता इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, ठिणगी त्याच्याजवळ नको. डब्यावर हिरवा दिवा लागला. "चावी आधी अर्धीच फिरवा, हीटरचा दिवा जाऊ दे, मग स्टार्टर मारा. पाच सेकंदांच्या वर नाही." दुसऱ्या खेपेला गाडी उठली. लगेच त्यांनी आधी काळा आणि मग लाल चिमटा काढला. इंजिन चालू झाल्यावर अल्टरनेटर १४ व्होल्टच्या वर देतो, तो उलटा डब्यात घुसू नये म्हणून ही घाई. पैसे घ्यायला तयार नव्हते. पुढच्या फेरीला त्यांना सुरमई नेऊन दिली.

घरी आल्यावर आम्ही हिशेब मांडला, कारण डबा विकत घ्यायचा तर कळायला हवं. २०,००० एमएएच लिहिलेला डबा म्हणजे आत साधारण ७४ वॅट-तास वीज (सेल ३.७ व्होल्टचा धरून). १२ व्होल्ट, १०० एएचची बॅटरी म्हणजे १,२०० वॅट-तास. म्हणजे त्या डब्याने बॅटरी भरणं हे लोट्याने हौद भरण्यासारखं. पण स्टार्टरला २ किलोवॅट लागले आणि तो ३ सेकंद फिरला, तर खर्च होतात जेमतेम पावणेदोन वॅट-तास. लिथियमचा गुण एवढाच की थोडी वीज एकदम जोरात सोडू शकतो. तो गाडी उठवतो, बॅटरी बरी करत नाही. आमची बॅटरी साडेतीन वर्षांची होती. परत आल्यावर मेकॅनिकने लोड लावून बघितलं तर काटा ९.६ व्होल्टच्या खाली गेला. बदलली. डबा मिळाला म्हणून तीच बॅटरी आणखी वर्षभर ओढली असती, तर पुढच्या वेळी घाटात अडकलो असतो.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी हे लिहितोय. ही गोष्ट बंदरावर सांगितल्यावर तीन-चार बोटमालकांनी विचारलं, मग बोटीवर ठेवूया की एक डबा! थांबा. आपल्याकडच्या मोठ्या ट्रॉलरांच्या सहा सिलिंडर इंजिनांना बहुतेक २४ व्होल्टचा स्टार्टर असतो, १२ च्या दोन बॅटऱ्या ओळीने जोडलेल्या. बाजारात मिळणारे बहुतेक डबे १२ व्होल्टचे. १२ चा डबा २४ ला लावला तर इंजिन उठणार नाहीच, पण डबा तापून फुगू शकतो, पेटूही शकतो. इंजिनरूममध्ये डिझेलचा वास, खाली बिल्जचं पाणी, वर जाळ्यांचा ढीग, आणि मध्ये पेटलेलं लिथियम, विचार करा. २४ व्होल्ट असं स्पष्ट लिहिलेला डबा असेल तरच २४ ला. शंका असेल तर तांडेलाने आधी मीटर लावून बघावं.

छोट्या बोटींचं वेगळं. हँडल मारून किंवा दोरी ओढून चालू होणाऱ्या इंजिनाला हा खर्चच नको. १२ व्होल्ट सेल्फ असलेल्या बोटीला डबा उपयोगी, पण खारं पाणी त्याचा वैरी. घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात, तेही केबिनमध्ये, इंजिनाशेजारी नाही. आणि पेट्रोलच्या आउटबोर्डजवळ चिमटे लावताना पेट्रोलचा वास येत असेल तर हात लावू नका.

खोल समुद्रात मात्र डब्याच्या भरवशावर कुणी जाऊ नये. तिथे इंजिन बंद म्हणजे वाऱ्यावर. वायरलेस आणि दिवे त्याच बॅटरीवर असतील तर तेही जातात. स्टार्टरची बॅटरी वेगळी, दिव्यांची वेगळी, हे जुनं शहाणपण कुठल्याही डब्यापेक्षा स्वस्त आहे.

बोटींच्या बॅटऱ्या मरतात त्या खरं तर बंदीत. १ जून ते ३१ जुलै बोट वर ओढलेली, वायरी तशाच जोडलेल्या, आणि दोन महिने कुणी फिरकत नाही. बॅटरी रिकामी पडून राहिली की आतल्या पट्ट्यांवर सल्फेट घट्ट बसतं, मग कितीही चार्ज करा, ती पूर्वीसारखी होत नाही. मग ऑगस्ट उजाडला की बंदरावर एकच धावपळ, कुणी टेम्पोची बॅटरी काढतोय, कुणी डोक्यावर घेऊन होडीतून बोटीवर नेतोय. यंदा बोट वर घेतानाच टर्मिनल काढा, ग्रीस लावा, साध्या बॅटरीत डिस्टिल्ड पाणी बघा. भरलेली बॅटरी स्वस्थ असताना १२.६ च्या आसपास दाखवते. १२.४ च्या खाली दिसली की चार्जरला लावा. १२ च्या आसपास म्हणजे ती जवळजवळ रिकामी.

डबा घेणाऱ्यांसाठी दोन शब्द. वर मोठ्या अक्षरात लिहिलेल्या 'पीक' अँपिअरला भुलू नका, तो क्षणभराचा आकडा. किती लिटरच्या डिझेल इंजिनाला चालतो ते बघा, पेट्रोलचा आकडा मोठा असतो आणि तोच पुढे करतात. आम्ही पहिला घेतलेला स्वस्तातला डबा तिसऱ्या महिन्यात फुगला, तो सरळ ई-कचऱ्यात दिला. चिमटे उलटे लावले तर वीज न सोडणारा घ्या. बॅटरी अगदीच मेली असेल तर असा डबा तिला ओळखत नाही, तेव्हा 'बूस्ट' बटण दाबावं लागतं. पण त्या बटणाने सगळं संरक्षण बंद होतं, म्हणून प्लस-मायनस दोनदा बघितल्याशिवाय त्याला बोट लावू नका. उन्हाळ्यात बंद केबिनमध्ये डबा ठेवू नका, आतलं तापमान ६० अंशांच्या आसपास जातं. आणि दर तीन महिन्यांनी चार्ज करा, नाहीतर ऐन वेळी गाडीबरोबर डबाही झोपलेला.

सोसायटीने घेतलेला दुसरा डबा ऑफिसात मावशींच्या टेबलाच्या खणात आहे. १२ व्होल्टचाच आहे, गाड्यांसाठी. वहीत सही करून न्यायचा, आणि परत देताना चार्ज करून द्यायचा. मागच्या महिन्यात कुणीतरी रिकामाच आणून ठेवला होता, नाव घेत नाही, वहीत आहे.