लाल रंग काळा का दिसायचा? अजिंठा, कॅमेरा आणि दोन आगी

आपलं रेकॉर्डिंग अंबरनाथ पश्चिमेला चालतं. रुळांपलीकडे, पूर्वेला, १०६० सालचा शिलालेख असलेलं शिवमंदिर आहे. १८६० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टची मंडळी तिथे आली. त्यांनी कोरीवकामाचे साचे घेतले, रेखाचित्रं काढली. तुम्ही म्हणाल, तेव्हा कॅमेरा होता ना? मग नुसत्या फोटोंवर का नाही भागलं?

कोरीवकामाचं एकवेळ भागलंही असतं. रंगीत चित्रांचं मात्र अवघड होतं, आणि ते बघायला अजिंठ्यालाच जावं लागतं.

मेजर रॉबर्ट गिल १८४४ पासून जवळपास वीस वर्षं तिथली भित्तिचित्रं कॅनव्हासवर तैलरंगात उतरवत होते. मधेच ते फोटोग्राफीही शिकले. १८६४ मध्ये त्यांच्या फोटोंची पुस्तकं निघाली. तरी चित्रांसाठी ब्रश सुटला नाही. तेव्हा काचेवर कोलोडियनचा थर द्यायचा आणि तो ओला असतानाच फोटो काढून धुवायचा. म्हणजे डार्करूम सोबतच न्यायची! त्यात ही काच मुख्यतः निळ्या प्रकाशालाच दाद द्यायची. लाल-पिवळं तिला जवळजवळ दिसायचंच नाही, ते काळपट उमटायचं. आणि अजिंठा तर गेरू आणि पिवळ्या मातीने भरलेला!

करून बघा. ज्या ॲपमध्ये ब्लॅक अँड व्हाइटला रंगीत फिल्टर आहे, त्यात निळा लावा. आईच्या कपाळावरचं कुंकू काळं होईल.

गंमत म्हणजे युरोपात हाच दोष कामी आला. जुन्या उस्तादांची कागदावरची लाल खडूची रेखाचित्रं त्या काचेवर ठसठशीत उठायची. व्हिक्टोरिया राणीचे पती आल्बर्ट यांनी १८५३ पासून राफाएलच्या कामाचा संग्रह करायला घेतला, त्यात अशा फोटोंचा मोठा वाटा होता.

इकडे गिल यांची बहुतेक चित्रं डिसेंबर १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या आगीत जळाली. वीस वर्षांचं काम, एका आगीत! मग १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स जे. जे.च्या विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा अजिंठ्यात. पुन्हा ब्रश, पुन्हा कॅनव्हास. १८८५ मध्ये लंडनमध्येच त्यातलीही बरीच जळाली. उरलेली व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत, आणि त्यांतले काही तपशील आज अजिंठ्याच्या भिंतीवरही उरलेले नाहीत.