मनगटावरील यंत्र आणि मनातील खळबळ

भय वाटले की तळहाताला घाम सुटतो, हे परीक्षेला बसलेल्या कोणाही विद्यार्थ्याला ठाऊक असते. घाम डोळ्यांना दिसण्याइतका नसला तरी त्वचेतून वीज वाहण्यात फरक पडतोच. फ्रान्समध्ये शार्ल फेरे यांनी १८८८ साली हा फरक नोंदवला. घड्याळासारखी जी यंत्रे आज मनगटावर बांधून भावना ओळखण्याचा प्रयत्न होतो, त्यांचे मूळ इतके जुने आहे.

घर्मग्रंथींना चेतवणारी मज्जासंस्था मनुष्याच्या इच्छेला जुमानत नाही. चेहरा हसरा ठेवता येतो. घर्मग्रंथींना गप्प बसवता येत नाही. नाडीचेही तसेच. यंत्राच्या पाठीवरील हिरवा दिवा त्वचेत प्रकाश सोडतो, रक्ताच्या प्रत्येक लाटेगणिक तो कमीअधिक शोषला जातो, आणि त्यावरून दोन ठोक्यांमधील अंतर मोजले जाते. स्वस्थ असताना हे अंतर सारखे थोडेथोडे बदलत असते. मनावर ताण आला की हा चढउतार बहुधा घटतो.

परंतु खरी अडचण पुढेच आहे. उत्तीर्ण झालेल्याची छाती धडधडते, तशीच नापास झालेल्याचीही. यंत्राला खळबळ कळते, तिचे नाव कळत नाही. जिना चढल्यानेही नाडी जलद होते. म्हणून हालचाल टिपणारे उपकरण जोडीला लागतेच. २०१८ साली जर्मनीतील संशोधकांनी १५ जणांवरील नोंदी प्रसिद्ध केल्या. ताण आहे की नाही, एवढेच विचारले तेव्हा ९३ टक्क्यांपर्यंत उत्तरे बरोबर आली. ताण, करमणूक आणि सामान्य स्थिती असे तीन भेद करायला सांगताच प्रमाण ८० टक्क्यांवर उतरले. तेही प्रयोगशाळेत, बाजारात किंवा घरच्या भांडणात नव्हे.

या विषयावर १९९७ साली ग्रंथ लिहिणाऱ्या अमेरिकेतील रोझलिंड पिकार्ड यांना एक अनपेक्षित गोष्ट आढळली. एका विद्यार्थ्याने आपल्या स्वमग्न धाकट्या भावासाठी सुट्टीत असे दोन पट्टे घरी नेले होते. एका मनगटावरील रेषा एकाएकी उंच गेली, दुसरीवर काहीच नाही. यंत्र बिघडले असावे, असेच प्रथम वाटले. चौकशी केली तेव्हा कळले, त्याच सुमारास मुलाला अपस्माराचा झटका आला होता. पुढे २०१८ साली अपस्मारावर लक्ष ठेवणाऱ्या मनगटी पट्ट्यास अमेरिकेच्या औषध-प्रशासनाने परवानगी दिली.

रोग्याच्या हाती हे यंत्र वरदान खरे. तेच मालकाने कामगाराच्या मनगटावर बांधले तर? युरोपीय संघाने २ फेब्रुवारी २०२५ पासून कामाच्या जागी व शिक्षणसंस्थांत भावना ओळखणाऱ्या अशा यंत्रणांना मनाई केली आहे. वैद्यकीय आणि सुरक्षिततेची कारणे तेवढी त्यातून वगळली आहेत.