बॅकअप घेतला, पण परत आणून बघितला का?



ट्रेनिंगला येणाऱ्या प्रत्येक बॅचला मी एक प्रश्न विचारतो. तुमच्या बिलिंगच्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क आज संध्याकाळी गेली, तर उद्या सकाळी शटर वर करताना तुमच्या हातात काय असेल? बहुतेक जण म्हणतात, "सर, बॅकअप आहे ना!" मग मी विचारतो, "तो उघडून शेवटचा कधी बघितला?" इथे वर्ग शांत होतो.

कोणाकडे किती उधारी, गोदामात किती माल, कोणत्या सप्लायरचं किती देणं, हे सगळं त्या एका फोल्डरमध्ये असतं. शिवाय जीएसटी कायद्यानुसार वार्षिक रिटर्नच्या देय तारखेपासून ७२ महिने हिशोब जपून ठेवावा लागतो. "डिस्क उडाली हो साहेब" म्हणून ती जबाबदारी संपत नाही.

मोठ्यांचंही असंच होतं

गिटलॅब ही सॉफ्टवेअरच्या दुनियेतली नावाजलेली कंपनी. ३१ जानेवारी २०१७ला त्यांच्या एका इंजिनिअरने चुकून भलत्याच सर्व्हरवर डिलीटची कमांड चालवली आणि सुमारे ३०० जीबी डेटा गेला. बॅकअपच्या एक नाही, अनेक व्यवस्था होत्या. पण रोजच्या बॅकअपची जागा बघितली तर रिकामी! टूलचं व्हर्जन जुळत नव्हतं म्हणून ते काम रोज फेल होत होतं, आणि फेल झाल्याचे ईमेल कोणापर्यंत पोहोचतच नव्हते. एका कर्मचाऱ्याने वेगळ्याच कामासाठी सहा तास आधी घेतलेली कॉपी होती, तिने वाचवलं. तरी त्या सहा तासांतल्या नोंदी गेल्याच. हे सगळं कंपनीने स्वतः जाहीर केलं.

तर मुद्दा हा: बॅकअप म्हणजे घेतलेली कॉपी नाही. परत आणता आलेली कॉपी म्हणजे बॅकअप.

काळ्या खिडकीला घाबरू नका

कमांड लाइन म्हणजे ती काळी खिडकी, जिथे माउस न वापरता टाइप करून काम सांगायचं. हे का शिकायचं? कारण एकदा लिहिलेली कमांड टास्क शेड्यूलरला लावली की रोज रात्री ठरलेल्या वेळी तेच काम न चुकता होतं, आणि काय झालं याची नोंदही राहते. मुलगा सुट्टीवर असला म्हणून बॅकअप चुकत नाही. छोट्या दुकानाला दोन टूल पुरतात, आणि दोन्ही फुकट आहेत.

१. रोबोकॉपी. विंडोज व्हिस्टापासून प्रत्येक विंडोजमध्ये आधीच आहे. कुठून आणि कुठे, एवढं सांगितलं की न बदललेल्या फाइल सोडून बाकीच्या कॉपी करते. तिच्यातला 'मिर' हा पर्याय जपून वापरा. तो हुबेहूब आरसा बनवतो, म्हणजे मूळ जागेवरून फाइल उडाली की कॉपीमधूनही उडवतो! म्हणून आधी 'एल' पर्याय लावून चालवा. तेव्हा ती काहीही न करता काय केलं असतं, याची फक्त यादी दाखवते. काम संपल्यावर ती एक आकडा देते. तो ८ किंवा त्यापेक्षा जास्त असेल, तर काहीतरी कॉपी झालेलं नाही असं समजा.

२. रेस्टिक. हे वेगळं डाउनलोड करावं लागतं. प्रत्येक वेळी तारखेसकट एक स्नॅपशॉट ठेवतं, त्यामुळे "मागच्या मंगळवारचा डेटा द्या" असं म्हणता येतं. तोच डेटा पुन्हा पुन्हा साठवत नाही, म्हणून जागा कमी लागते. सगळं कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्टेड असतं. पण पासवर्ड हरवला तर डेटाही कायमचा गेला. तो कागदावर लिहून घरच्या कपाटात ठेवा.

लिनक्स वापरत असाल तर १९९६पासून चालत आलेलं आरसिंक आहे. ते नेटवर्कवरून फाइलचा फक्त बदललेला भाग पाठवतं. पन्नासेक कॉम्प्युटर असतील तर बॅक्युलासारखी व्यवस्था लागते, जिथे एक डायरेक्टर सर्व क्लायंटना कामं वाटून देतो. आपल्याला सध्या तेवढ्याची गरज नाही.

दुकानातली मांडणी

बिलिंगचे कॉम्प्युटर हे क्लायंट. एक जुना पण चालू कॉम्प्युटर मागच्या खोलीत ठेवा, तो सर्व्हर. आता नियम असा, की क्लायंटने ढकलायचं नाही, सर्व्हरने ओढायचं. बिलिंगचा फोल्डर फक्त वाचण्यापुरता शेअर करा आणि सर्व्हरवरच्या रोबोकॉपीने तो ओढून घ्या. बॅकअपचा फोल्डर मात्र बिलिंगच्या कॉम्प्युटरला शेअरच करू नका. कारण खंडणी मागणारा व्हायरस आला, तर तो कॉम्प्युटर ज्या ज्या फोल्डरमध्ये लिहू शकतो ते सगळं खराब करतो. पेन ड्राइव्ह कायम लावून ठेवणाऱ्यांनी हे दोनदा वाचा.

रोजचा क्रम असा:

- दुकान बंद करताना टॅली किंवा जे बिलिंग सॉफ्टवेअर असेल ते बंद करा. चालू असताना घेतलेली कॉपी अर्धवट निघू शकते.
- रात्री रोबोकॉपी डेटा ओढेल.
- त्यानंतर रेस्टिक त्याचा स्नॅपशॉट बाहेरच्या डिस्कवर ठेवेल. आरसा खराब झाला तरी जुने स्नॅपशॉट शाबूत राहतात.
- अशा दोन डिस्क ठेवा आणि दर आठवड्याला अदलाबदल करा. एक नेहमी घरी. दुकानात पाणी शिरलं तर मागच्या खोलीतही शिरणारच.

रेस्टिकला रोजचे ७, आठवड्याचे ४ आणि महिन्याचे १२ स्नॅपशॉट ठेवायला सांगा. वर्षअखेरीचा डेटा मात्र वेगळा जपा.

या रविवारचा होमवर्क

एका रिकाम्या फोल्डरमध्ये मागच्या आठवड्याचा डेटा रेस्टोअर करा. मूळ फोल्डरवर नाही, वेगळ्याच! मग तो सॉफ्टवेअरमध्ये उघडून तीन गोष्टी जुळवा: शेवटचा बिल नंबर, रोख शिल्लक, आणि एखाद्या मोठ्या गिऱ्हाइकाची उधारी. किती मिनिटं लागली तेही वहीत लिहा, कारण अडचणीच्या दिवशी दुकान किमान तेवढा वेळ बंद राहणार आहे.

तिन्ही आकडे जुळले, तर तुमच्याकडे बॅकअप आहे. नाही जुळले, तर बरं झालं, ते आज रविवारीच कळलं. दर महिन्याला एकदा हे करा.